पायाच्या हाडांचा हिशेब



खुबा आणि पाय यांच्या हाडांवर व स्नायूंवर बोलायला या व्यासपीठावर खरे म्हणजे एखादे डॉक्टर उभे राहायला हवे होते. मी कामगार संघटनेत उभी हयात घालविलेला माणूस. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते मागावर, संघाच्या कचेरीत आणि रस्त्यावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात. तेव्हा मी आज सांगणार आहे ते शरीरशास्त्र नव्हे, शरीरशास्त्राचा इतिहास आहे. आणि तोही पायापुरता. पण हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगितले पाहिजे. नाहीतर आपण म्हणाल, मागावरच्या माणसाने वैद्यांच्या घरात का डोकावे?

१९९८ सालची गोष्ट. आमच्या एका सभासदाचा डावा पाय कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. जीव वाचला, पण पाय मांडीत, अगदी वरच्या बाजूला, कापावा लागला. नुकसानभरपाईचे बोलणे सुरू झाले. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. माणसाच्या शरीराचा तो भावफलकच म्हणाना. कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली, याचे आकडे तीत एकाखाली एक मांडलेले. मूळच्या अनुसूचीत पायाच्या वाट्याला दोनच ओळी होत्या : गुडघ्यात किंवा गुडघ्याच्या वर गेला तर ६० टक्के, खाली गेला तर ५०. पुढे १९६२ च्या दुरुस्तीने हिशेब बारीक झाला. खुब्यातूनच पाय गेला तर ९०. खुब्याखाली कापला आणि उरलेला खुंट पाच इंचांपेक्षा, म्हणजे १२.७० सेंटिमीटरपेक्षा, जास्त नसेल तर ८०. त्याहून लांब, पण मांडीच्या मध्यापलीकडे जात नसेल तर ७०. त्याच्या खाली ६०. आमचा सारा प्रश्न या ऐंशी आणि सत्तरच्या मध्ये उभा होता.

मालकाकडच्या डॉक्टरांनी टेप लावली. खुंट सात इंच भरला. सात म्हणजे पाचापेक्षा जास्त. म्हणजे सत्तर टक्के. मी टेपेवरचा आकडा डोळ्यांनी पाहिला होता. सही करण्यापूर्वी त्या सभासदाच्या बायकोने मला विचारले, ‘भाऊ, सत्तर म्हंजे बरं न्हवं का?’ मी म्हणालो, ‘बरं आहे, वहिनी.’ आणि करारावर संघटनेतर्फे मी सही केली.

अनुसूचीच्या त्या ओळीत आणखी चार शब्द होते, ते मी वाचले होते पण समजून घेतले नव्हते. खुंटाची लांबी मोजायची ती ‘मोठ्या ट्रोकँटरच्या टोकापासून’. हा ट्रोकँटर म्हणजे काय, कोठे असतो, हे त्या खोलीत आमच्या बाजूच्या कोणालाच ठाऊक नव्हते; आणि विचारायची मला लाज वाटली. पुढे वर्षभराने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचू लागलो, तेव्हा एका रात्री ते चित्र समोर आले आणि मी माझ्या स्वतःच्या खुब्यावर हात ठेवला.

आपणही बसल्या जागी करून पाहा. किंवा उभे राहिलात तर अधिक चांगले. हाताचा तळवा कमरेखाली, पायाच्या बाहेरच्या बाजूला, जेथे चड्डीचा खिसा येतो तेथे दाबून धरा आणि तोच पाय टाचेवर आतबाहेर फिरवा. तळव्याखाली एक टणक गाठ फिरताना लागते. तो मोठा ट्रोकँटर. मांडीच्या हाडाचा तो वरचा, बाहेर आलेला कोपरा आहे. आता हात एका पंजाएवढा वर आणि जरा पुढे न्या. परकराची किंवा धोतराची गाठ जेथे टेकते तेथे दुसरे एक हाडाचे टोक लागेल. ते मांडीचे हाड नव्हेच, ते कमरेचे हाड. पाय कितीही फिरवा, ते जागचे हलत नाही. डॉक्टरांनी टेप लावली होती ती या वरच्या टोकापासून. सात इंचांतून पंजाभर अंतर वजा केले म्हणजे काय उरते, ते सांगायला शरीरशास्त्र लागत नाही.

त्या डॉक्टरांना मी लबाड म्हणत नाही. चूक त्यांची असेल, पण सही माझी होती.

असो. तेव्हापासून पायाच्या हाडांनी माझा पिच्छा सोडला नाही. प्रथम हे पाहू, की कायदा त्या ट्रोकँटरपासूनच का मोजतो. कमरेचे प्रत्येक बाजूचे हाड लहानपणी एक नसते, तीन असतात, आणि त्यांच्यामध्ये कूर्चा असते. मूल वाढते तशी ती पंधरा-सोळा वर्षांच्या सुमारास एकजीव होतात. तिन्ही जेथे मिळतात तेथेच खोलगट वाटी तयार होते आणि मांडीच्या हाडाचे वाटोळे डोके तीत बसते. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात आणि ते नाव चांगले आहे. पण उखळात मुसळ सरळ उभे असते, मांडीचे हाड मात्र वाटीतून सरळ खाली येत नाही. डोक्यापासून एक आखूड मान तिरपी बाहेर येते आणि मग हाड खाली वळते. त्या वळणावरचा कोपरा म्हणजे ट्रोकँटर. त्याला नितंबाचा मधला स्नायू धरलेला असतो. चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी सगळे धड दुसऱ्या बाजूला कलंडायला पाहते, आणि हा स्नायू ट्रोकँटरला धरून कंबर आडवी सावरून धरतो. तो निकामी झाला म्हणजे माणूस पावलागणिक कलतो. जर्मन शल्यवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९५ साली ही खूण वर्णिली आणि रुग्णाला एका पायावर उभे करून पाहण्याची ती परीक्षा आजही त्याच्या नावाने चालते.

आता मांडी कापली जाते तेव्हा काय होते पाहा. मांडीला आत ओढणारे स्नायू हाडाच्या लांबीभर खालपर्यंत धरलेले असतात. पाय जितका वर कापावा तितकी त्यांची पकड जाते. बाहेर आणि वर ओढणारे स्नायू मात्र ट्रोकँटरच्या आसपास धरलेले असल्यामुळे शाबूत राहतात. मग उरलेला आखूड खुंट पुढे आणि बाहेर ओढला जाऊ लागतो. कृत्रिम पाय त्याला नीट बसत नाही, बसला तरी तो पेलायला पुरेसा दांडा नसतो. म्हणजे पाच इंचांची ती रेघ कोणा कारकुनाने मनात आले म्हणून ओढलेली नव्हती. तिच्यामागे स्नायूंचे हे सारे राजकारण होते. ऐंशी आणि सत्तर यांतला फरक म्हणजे कृत्रिम पायावर चालू शकणारा माणूस आणि न चालू शकणारा माणूस यांतला फरक.

हे सारे कोणी शोधून काढले? आणि कोणाच्या पायावरून? दुसरा प्रश्न पुस्तकांच्या प्रस्तावनांत क्वचितच सापडतो, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

आपल्याकडे सुरुवात सुश्रुतापासून करावी लागते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत कसे तपासावे याची रीत दिली आहे. सर्व अंगे शाबूत असलेले, विषाने न मेलेले, दीर्घ आजाराने न झिजलेले, शंभर वर्षांचे न झालेले असे प्रेत घ्यावे. ते गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत, आडबाजूला, सात रात्री ठेवावे. आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. यात शस्त्र नाही, पण पाहणे आहे. हाडांची संख्या वेदवादी ३६० सांगतात, शल्यतंत्रात ती ३०० आहे, असे सुश्रुत स्वच्छ म्हणतो. आजची संख्या २०६. तेव्हा आपले विद्वान एक तर शरमतात, नाहीतर उगाच वकिली करतात. पण पायापुरता हिशेब मी कागदावर मांडून पाहिला, तो ऐकण्यासारखा आहे. सुश्रुताच्या मते एका पायात ३० हाडे : बोटांत तीन तीन मिळून पंधरा, तळवा, कूर्च आणि घोटा यांत दहा, टाचेत एक, नडगीच्या भागात दोन, गुडघ्यात एक, मांडीत एक. आजच्या गणतीप्रमाणे कमरेचे हाड सोडले तर एका पायात तीसच हाडे आहेत! बोटांत चौदा, कारण अंगठ्याला तीन नसून दोनच पेरी असतात. आणि टाच सोडून तळव्यात व घोट्यात दहा नव्हे, अकरा. एका ठिकाणी एक जास्त, दुसऱ्या ठिकाणी एक कमी. रोकड जुळली, खतावणीत दोन नोंदी चुकल्या, असा प्रकार. ज्याने हे लिहिले त्याने पाय पाहिला होता यात मला शंका वाटत नाही. त्या पिंजऱ्यातला माणूस कोण होता, एवढे मात्र संहितेत नाही.

युरोपात दुसऱ्या शतकातल्या गालेनचा शब्द तेराशे वर्षे प्रमाण मानला गेला. हा पेर्गामोन शहरात ग्लॅडिएटरांचा, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांवर तलवारी चालविणाऱ्या गुलामांचा, वैद्य होता. जिवंत माणसाचे स्नायू त्याला दिसले ते त्यांच्या जखमांतून. बाकीचे छेदन त्याने माकडांवर, डुकरांवर केले, आणि जनावरांत पाहिलेले माणसाला लावले. ते चुकले असे म्हणायला १५४३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रुसेल्सचा आंद्रेआस वेसालियस याचा मानवी शरीराच्या रचनेवरचा सात भागांचा ग्रंथ बाझेल येथे छापला गेला. ग्रंथकर्ता अठ्ठावीस वर्षांचा होता.

या वेसालियसला पहिला सांगाडा कसा मिळाला, ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १५३६ साली लूव्हाँ शहराबाहेर, फाशी दिलेल्यांची प्रेते टांगून ठेवीत त्या जागी, तो आपला मित्र गेमा फ्रिसियस याच्याबरोबर फिरायला गेला. तेथे खांबाला एका दरोडेखोराचे प्रेत साखळीने बांधलेले होते. पाखरांनी मांस खाऊन टाकले होते, हाडे नुसत्या बंधनांवर एकमेकांना धरून होती. वेसालियस खांबावर चढला आणि प्रथम त्याने काय केले असेल, तर मांडीचे हाड कमरेच्या हाडातून ओढून काढले. हात आणि पाय त्याने खेपा घालून चोरून घरी नेले. धड साखळीत अडकले होते, त्यासाठी संध्याकाळी वेशीचे दरवाजे बंद होऊ दिले आणि रात्री बाहेरच राहिला. घरी जुळवाजुळव केली तेव्हा दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या, एक पाऊल आणि एका हाताची बोटे नव्हती. ती त्याने दुसरीकडून मिळवली. म्हणजे आधुनिक अस्थिशास्त्राचा आरंभ उखळीच्या सांध्याला दिलेल्या एका हिसक्याने झाला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे पादुआत वेसालियस शिकवू लागला, तेव्हा तेथल्या न्यायाधीशाने फाशीच्या कैद्यांची प्रेते त्याला देण्याची व्यवस्था केली. कधी कधी तर फाशीचा दिवस वर्गाच्या सोयीने ठरे. ग्रंथ छापून होत असताना बाझेलमध्ये त्याने याकोब कारर नावाच्या, देहान्त झालेल्या गुन्हेगाराचा सांगाडा सांधला. तो तेथल्या संग्रहालयात आजही उभा आहे. ज्यांच्या देहावरून ही विद्या आली त्यांच्यापैकी ज्याचे नाव सांगता येते असा हा विरळा माणूस. ग्रंथातली चित्रे जगप्रसिद्ध आहेत. कातडी सोललेली माणसे टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर मांड्या-पोटऱ्यांचा एकेक स्नायू दाखवीत उभी असतात. पण ती काढणाराचे नाव ग्रंथात छापलेले नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. वेसालियसचा जुना गुरू सिल्वियस मात्र संतापला. गालेनने वर्णिल्याप्रमाणे आजच्या माणसाची मांडीची हाडे वाकडी नसतील, तर तो दोष गालेनचा नव्हे, हल्लीच्या तंग विजारींचा, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. मालकाचा हिशेब चुकला म्हणायचे नाही, कामगारानेच बोटे वाकडी मोजली म्हणायचे, ही रीत जुनी दिसते.

स्नायूंना नावे पडली तीही पाहण्यासारखी आहेत. कमरेच्या हाडाच्या त्याच पुढच्या टोकापासून, जेथून आमची टेप चुकीची लागली होती, एक लांबच लांब पट्टी मांडीवरून तिरपी उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाते. शरीरातला हा सर्वांत लांब स्नायू. लॅटिन पंडितांनी त्याला नाव दिले ‘शिंप्याचा स्नायू’. कारण मांडी घालून बसताना तो पाय वर आणि बाहेर वळवतो, आणि शिंपी दिवसभर तसाच बसे. पोटरीला ग्रीकांनी ‘पायाचे पोट’ म्हटले. आपण पोटरी म्हणतो त्यातही पोट आहेच. कणीस बाहेर पडण्यापूर्वीच्या ज्वारीलाही आपला शेतकरी पोटरीत आली म्हणतो. दोन भाषांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली.

शिंप्याचे नाव स्नायूला दिले, पण शिंप्याची मांडी दुखते का, हे विचारायला आणखी बराच काळ गेला. मोदेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्याच्या घरचा मैलाखड्डा साफ करणारा माणूस घाईघाईने काम उरकताना दिसला, म्हणून त्याने विचारले. चार तासांपेक्षा जास्त वेळ आत राहिलो तर डोळे जातात, असे उत्तर आले. त्या उत्तरातून ते पुस्तक निघाले. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एकाची भर रामाझ्झिनीने घातली : तू धंदा काय करतोस? मांडी घालून शिवत बसणाऱ्या शिंप्यांच्या मांड्या बधिर होतात, ते लंगडतात. दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात. हे त्याने नोंदले. त्याच वर्षी तो पादुआच्या विद्यापीठात गेला. वेसालियसने जेथे फाशीच्या कैद्याचा पाय उघडून दाखविला, तेथेच दीडशेहून अधिक वर्षांनी जिवंत कामकऱ्याच्या पायाची विचारपूस सुरू झाली. इंग्रजीत पुढे बसण्याच्या हाडावरच्या सुजेला ‘विणकराची बैठक’ आणि वाटीवरच्या सुजेला ‘मोलकरणीचा गुडघा’ अशी नावे पडली. खड्ड्याच्या मागावर ज्यांचे आजोबा बसले आहेत त्यांना पहिले नाव समजावून सांगायला नको.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण आपल्याकडची पुस्तके तेथून आली. तेथे १७५२ च्या कायद्याने खुनी माणसांची प्रेते शल्यवैद्यांना मिळत. पण विद्यार्थी वाढले, खुनी पुरेनात. मग थडगी उकरणारे निघाले. एडिंबरोत बर्क आणि हेअर या जोडीने १८२८ मध्ये उकरण्याचा त्रासही वाचविला. सोळा माणसे मारून त्यांची प्रेते डॉक्टर नॉक्स यांच्या शाळेला विकली. बर्कला १८२९ च्या जानेवारीत फाशी झाली आणि त्याचाच सांगाडा विद्यापीठाच्या संग्रहात गेला. मग १८३२ साली पार्लमेंटने कायदा केला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा : दरिद्री-आश्रमात किंवा इस्पितळात जो मरेल आणि ज्याचे प्रेत न्यायला कोणी येणार नाही, तो विद्यार्थ्यांच्या टेबलावर जाईल. कालपर्यंत ही शिक्षा खुन्याला होती, आजपासून ती गरिबाला लागू झाली. लंडनच्या गरीब वस्त्यांत या कायद्याची भीती पिढ्यान् पिढ्या टिकली, यात नवल नाही.

माझ्या हाती लागलेले जाडजूड पुस्तक याच कायद्याच्या प्रेतांवरून लिहिलेले. हेन्री ग्रे यांचा शरीररचनेवरचा ग्रंथ. पहिली आवृत्ती १८५८ ची, ७५० पाने, ३६३ चित्रे. जगभर याला ‘ग्रे’ म्हणतात. पण मला ट्रोकँटर सापडला तो ग्रेच्या वाक्यात नव्हे, चित्रात; आणि चित्रे काढली होती हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याने. लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात दोघांनी मिळून छेदन केले; लिहिले ग्रेने, रेखाटले कार्टरने. कार्टरची युक्ती अशी, की स्नायूचे नाव बाजूला क्रमांक देऊन तळटीपेत न घालता स्नायूवरच, त्याच्याच लांबीने लिहायचे, आणि हाडावर कोणता स्नायू कोठे धरतो त्या जागेची सीमा आखून तीत नाव घालायचे. मांडीच्या हाडाचे ते चित्र नकाशासारखे वाचता येते. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला ते वाचता आले, याहून मोठी शिफारस मी काय करू? लाकडी ठोकळ्यांवर ती कोरली बटरवर्थ आणि हीथ यांच्या कारागिरांनी. त्या कोरणाऱ्या हातांची नावे कोठेच छापलेली नाहीत.

मोबदल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्यासारख्याला पुढे जाववत नाही. ग्रेला पुस्तकाच्या खपावर दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले. कार्टरला सर्व कामाचे मिळून एकदाच दीडशे पौंड. शिवाय छपाईच्या कच्च्या प्रतीवर मुखपृष्ठावर कार्टरचे नाव आपल्या नावाएवढ्या टाइपात आलेले पाहून ग्रेने ते लहान करायला लावले. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने वारला, वय अवघे चौतीस. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही जयपूर पायाचे नाव निघाले की डॉक्टर सेठी आठवतात. १९६८ च्या सुमारास तो पाय घडविताना रबर आणि लाकूड ज्यांच्या हातांखाली आकाराला आले ते कारागीर रामचंद्र शर्मा किती जणांना माहीत असतात?

पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. तो १८५८ च्या आरंभी मुंबईला निघून आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचना शिकवू लागला आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून कित्येक वर्षे राहिला. ज्याने जगाला पायाची हाडे दाखविली तो आमच्या साताऱ्याच्या रस्त्यांवरून हिंडत होता, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. येथे त्याने हाती घेतलेला एक रोग पायाचाच होता. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पावलात काटा रुतून बुरशी शिरते, पाऊल सुजते, छिद्रे पडून दाणे वाहू लागतात आणि हाडे आतून पोखरली जातात. मदुरा-पाय या नावाने तो ओळखला जाई. कार्टरने १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला, चित्रांसह. तो बूट घालणाऱ्याचा रोग नव्हे, हे त्या चित्रांतली पावले पाहिली की कळते.

हिंदुस्थानात त्याच्या आधीच छेदनाला सुरुवात झाली होती. कलकत्त्यास १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी रूढी मोडून प्रेताला शस्त्र लावले, हा प्रसंग आपण शाळेत वाचतो. लाहोरचे प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांचा अभ्यास मात्र शाळेत कोणी सांगत नाही. त्यांनी १८९३-९४ च्या सुमारास पंजाबी माणसांच्या पायांची हाडे तपासली, तेव्हा नडगीच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूला आणि घोट्याच्या हाडावर गुळगुळीत चकती उमटलेली दिसली. ही साहेबांच्या हाडावर सहसा दिसत नाही. ती उमटते उकिडवे बसण्याने. जन्मभर चुलीपुढे, शेतात, कामावर जो उकिडवा बसतो त्याची नडगी घोट्याच्या हाडावर टेकत टेकत तेथे बैठक तयार करते. लंडनचे शल्यवैद्य आर्बथनॉट लेन यांनी १८८८ साली अशाच नजरेने एका चांभाराचा देह तपासून धंद्याने हाडे कशी बदलतात ते लिहिले. रामाझ्झिनीचा प्रश्न जिवंत माणसाला होता. यांनी तो हाडाला विचारला, आणि हाडाने उत्तर दिले.

आपल्या राज्यात १९४९ साली मुंबईचा शरीररचनाशास्त्र कायदा झाला. इस्पितळात, तुरुंगात किंवा रस्त्यावर मेलेल्या बेवारशाचे प्रेत ठरलेल्या मुदतीत कोणी मागितले नाही तर ते वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावे, असे त्यात आहे. आज देहदान करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे; पण पिढ्यान् पिढ्या आपले डॉक्टर शिकले ते बेवारशांवर. आणि आपलेच नव्हे. कलकत्त्याहून दरवर्षी हजारो सांगाडे विलायतेला आणि अमेरिकेला जात. सरकारने १९८५ साली निर्यातीवर बंदी घातली तोवर तिकडच्या विद्यार्थ्यांच्या हातांतले मांडीचे हाड बहुधा आपल्याकडच्याच कोणा गरिबाचे असे.

आमच्या एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा काही वर्षांपूर्वी डॉक्टरीला गेला. सुटीत भेटायला आला तेव्हा मी त्याला म्हटले, ‘बाळ, तुझ्या पिशवीतलं मांडीचं हाड दाखव.’ विद्यार्थी ही हाडे वरच्या वर्गातल्यांकडून विकत घेतात आणि शिकून झाले की खालच्यांना विकतात. त्याची पिशवी तशाच चार-पाच हातांतून आली होती. हाड पिवळसर, हलके, आणि त्यावर पूर्वीच्या कोणा मुलाने शाईने स्नायूंच्या जागा रंगविलेल्या. मी खिशातली टेप काढली, ट्रोकँटरच्या टोकावर धरली आणि पाच इंचांवर दोरा बांधला. माझी अपेक्षा होती त्यापेक्षा पाच इंच फारच थोडे निघाले. हाडाचा एक तृतीयांशही भाग धड नाही. मी तो दोरा वर-खाली करून पुन्हा पुन्हा मोजीत होतो. तो मुलगा म्हणाला, ‘काका, बरोबर आहे की. किती वेळा मोजताय?’

त्याला काय सांगणार? मी म्हटले, ‘नडगी दे बघू.’ त्याने दिली. खालचे टोक उजेडाकडे करून पाहिले. पुढच्या कडेला नखाएवढी, घासून गुळगुळीत झालेली चकती होती.

‘ही कोणाची रे?’

‘कुणास ठाऊक, काका. बेवारशी.’

‘उकिडवा बसून काम करणारा होता,’ मी म्हणालो, आणि दोरा सोडून हाडे त्याच्या पिशवीत परत ठेवली.